वारशाने आलेला वेब सर्व्हर कसा आवरावा

लोअर परळच्या एका छोट्या कंपनीत रुजू झाले त्या आठवड्यात मला तीन गोष्टी मिळाल्या: खिडकीपासून लांबची एक खुर्ची, एक लॅपटॉप आणि वहीच्या फाटक्या पानावर लिहिलेला एक आयपी ॲड्रेस. सर्व्हर सांभाळणारा मुलगा महिन्याभरापूर्वीच नोकरी सोडून गेला होता. जाताना त्याने ठेवलेला निरोप एका ओळीचा होता: "सगळं चालू आहे, फक्त हात लावू नका."

हात लावावाच लागतो. कधी सुरक्षित जोडणीचं (https) सर्टिफिकेट संपतं, कधी नवीन सबडोमेन हवं असतं, कधी डिस्क भरते. तेव्हा इंजिन-एक्सचं (nginx, म्हणजे साइट्स जगाला देणाऱ्या प्रोग्रॅमचं) फोल्डर उघडलं की चाळीतल्या घराचा माळा उघडल्यासारखं होतं. डबे, पिंपं, दोरीने आवळलेली बोचकी. कामाचं कुठलं आणि भंगार कुठलं, हे नुसतं बघून कळत नाही. माझ्या माळ्यावर एकोणीस फाइली होत्या. त्यांतल्या सहा खरोखरच कोणाच्या नव्हत्या. सातवी माझ्या मते कोणाची नव्हती. तिचं पुढे सांगते.

हे सगळं अशाच कुणाच्या रिकाम्या जागेवर येऊन बसलेल्यांसाठी लिहिते आहे. उदाहरणं उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सवरच्या इंजिन-एक्सची आहेत. अपाचेचं (तसाच दुसरा सर्व्हर प्रोग्रॅम) वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. कमांड आपण सहकाऱ्याला फोनवर सांगतो तशा लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमनमध्येच करायच्या.

हाताशी काय काय हवं

- सर्व्हरवर शिरण्यासाठी तुमची स्वतःची एसएसएच की. आधीच्या माणसाची की वापरत राहू नका.
- क्लाउड किंवा होस्टिंगच्या मूळ खात्याचं लॉगिन
- डोमेन जिथे नोंदवलंय तिथलं आणि डीएनएसचं, म्हणजे डोमेनचं नाव कोणत्या आयपीकडे जातं त्या नोंदींचं, लॉगिन (ही दोन्ही एकाच ठिकाणी असतील असं धरून चालू नका)
- सर्टिफिकेट विकत घेतलेलं असेल तर त्याचं खातं
- एक साधी एक्सेल शीट
- अकाउंट्समधला किंवा सेल्समधला एक जुना माणूस

शेवटचं गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

१. आधी चाव्या ताब्यात घ्या

कॉन्फिगरेशनकडे वळण्याआधी बघा की ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो. आमच्या डोमेनचा ओटीपी त्या सोडून गेलेल्या मुलाच्या नंबरवर जायचा. बिचाऱ्याने दोनदा फोनवर वाचून दाखवला. तिसऱ्यांदा तो कोल्हापूरला चुलतभावाच्या लग्नात होता आणि मागे बँड वाजत होता. डोमेन संपायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

नूतनीकरणाचे मेल कोणत्या पत्त्यावर येतात तेही बघा. माणूस गेल्यावर कंपनी त्याचा मेलबॉक्स बंद करते आणि पुढचे सगळे इशारे बंद दारावर आपटत राहतात. खाती एखाद्या सामाईक पत्त्यावर आणा आणि मोबाइल नंबर कंपनीच्या नावावरचा ठेवा.

सर्व्हरवर कोणाकोणाच्या कीज अजून चालतात ते तपासा. पण सोडून गेलेल्याची की काढण्याआधी, तीच की वापरून एखादी बॅकअपची स्क्रिप्ट रात्री दोन वाजता शिरत नाही ना, याची खात्री करा. लॉगिनच्या नोंदींत ते दिसतं.

२. हात लावण्याआधी प्रत घ्या

पूर्ण मशीनचा स्नॅपशॉट घ्या. मग इटीसीमधल्या (सेटिंगच्या फाइलींच्या जागेतल्या) इंजिन-एक्सच्या फोल्डरात गिट, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम, सुरू करा आणि जसं आहे तसं, घाणीसकट, पहिलं कमिट (नोंद) करा. शुद्धलेखनाची चूकसुद्धा सुधारू नका. पुढे "हे आधी असंच होतं का?" असा वाद झाला की हेच कमिट तुमच्या बाजूने बोलतं.

इथे सर्रास एक चूक होते. सर्टिफिकेटच्या खासगी कीज काही जण त्याच फोल्डरात ठेवतात, आणि त्या गिटमध्ये जाऊन पुढे कंपनीच्या रिपॉझिटरीत पोहोचतात. पहिल्या कमिटच्या आधीच त्या वगळायच्या. पासवर्डच्या फाइलींचंही तसंच.

३. प्रत्यक्षात काय चालू आहे ते बघा

फाइल फोल्डरात आहे म्हणून ती वापरात आहे असं नाही. इंजिन-एक्स, डॅश, छोटा टी ही कमांड कॉन्फिगरेशन नुसतं तपासते. तिथेच कॅपिटल टी दिला तर ती तपासतेच, शिवाय सगळ्या इन्क्लूड केलेल्या (मुख्य फाइलीला जोडलेल्या) फाइली ज्या क्रमाने वाचल्या त्या क्रमाने ओतून देते. हा मजकूर एका फाइलीत साठवा आणि तो वाचा. मी प्रिंट काढून पेन्सिलने खुणा करत वाचला होता, ऑफिसात सगळे हसले. अपाचेवर अपाचे-कंट्रोल, डॅश, कॅपिटल एस दिलं की कोणतं व्हर्च्युअल होस्ट (म्हणजे कोणती साइट) कोणत्या फाइलीतल्या कोणत्या ओळीवर आहे ते कळतं.

एसएस कमांडने कोणत्या पोर्टवर कोण बसलंय ते बघा. ८० आणि ४४३ वर इंजिन-एक्स, त्याच्या मागे ८०८० वर अपाचे, आणि अपाचेच्या पोटात पीएचपी, अशी उतरंड जुन्या मशीनवर खूपदा दिसते. अशा वेळी एकच रिडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्याकडे वळवायचा नियम) दोन्हीकडे लिहिलेला असतो.

आता या पायरीवरचा सगळ्यात मोठा सापळा. कॅपिटल टी डिस्कवरच्या फाइली वाचतो. चालू असलेला इंजिन-एक्स मेमरीतलं कॉन्फिगरेशन वापरत असतो, म्हणजे शेवटच्या रीलोडच्या (फाइली पुन्हा वाचायला लावण्याच्या) वेळी जे होतं ते. कोणीतरी आठ महिन्यांपूर्वी फाइल बदलली, जेवायला गेला आणि रीलोड करायचं विसरला, तर तो बदल आजही वाट बघत बसलेला असतो. तुम्ही पहिल्यांदा रीलोड कराल तेव्हा तो जिवंत होईल, आणि शिव्या तुम्हाला पडतील.

पकडायचं कसं? पीएस कमांडने इंजिन-एक्सच्या वर्कर प्रोसेस (विनंत्या हाताळणारे त्याचे कामगार) कधी सुरू झाल्या ते बघा. रीलोड झाला की नवीन वर्कर जन्माला येतात. मग फाइलींच्या बदलाच्या तारखा बघा. एखादी फाइल वर्करपेक्षा नवी असेल तर तिथे थांबायचं आणि आत काय आहे ते आधी समजून घ्यायचं.

रीबूटचीही तीच कथा. प्रॉक्सीच्या (विनंती मागच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवणाऱ्या) ओळीत एखाद्या मेलेल्या सर्व्हरचं नाव असेल आणि ते आता डीएनएसमध्ये सापडत नसेल, तर चालू इंजिन-एक्स खुशाल चालत राहतो, पण पुन्हा सुरू व्हायला नकार देतो. त्या एका नावापायी सगळ्या साइट्स बंद. स्नॅपशॉटवरून दुसरं मशीन उभं करून ते उठतं का, हे एकदा बघून घ्या. तासाभराचे थोडे पैसे लागतात, पण झोप लागते.

४. यादी करा

एक्सेलमध्ये प्रत्येक डोमेनला एक ओळ. रकाने: नाव, डीएनएस कुठे नेतं, कोणती फाइल, मागे कोणता प्रोग्रॅम, सर्टिफिकेट कधी संपतं, कोण वापरतं, आणि शेवटचा "निकाल". निकालाचा रकाना आज रिकामाच ठेवा.

ज्या डोमेनचं डीएनएस आता तुमच्या सर्व्हरकडे येतच नाही, ती ओळ बहुधा मेलेली असते. बहुधा म्हणते, कारण एखाद्या पार्टीने स्वतःच्या मशीनवर होस्ट्स फाइलीत (डीएनएसच्या आधी बघितल्या जाणाऱ्या यादीत) तुमचा आयपी ठोकून ठेवलेला असू शकतो.

डीफॉल्ट सर्व्हर कोणता, हेही यादीत लिहा. एखाद्या पोर्टवर कोणालाच डीफॉल्ट म्हटलेलं नसेल, तर त्या पोर्टचा जो सर्व्हर ब्लॉक (एका साइटचे नियम) आधी वाचला जातो तो डीफॉल्ट होतो, आणि फोल्डरातल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. म्हणजे "ए"ने सुरू होणारी नवी साइट टाकली की अनोळखी नावाने येणारी सगळी वाहतूक अचानक तिच्याकडे वळते. डीफॉल्टसाठी एक वेगळा, काहीही न देणारा ब्लॉक लिहून मोकळे व्हा.

५. लॉगला विचारा, आणि लॉगची स्मरणशक्ती किती ते आधी बघा

इथे मी चुकले, म्हणून इथे जरा थांबते.

सुरुवातीला म्हटलेल्या त्या सातव्या फाइलीत एका कोपऱ्यात एक लोकेशन ब्लॉक (साइटच्या एका पत्त्यापुरते नियम) होता. जुन्या पोर्टलचा पत्ता, मागे ९००० च्या पुढच्या कुठल्यातरी पोर्टवर चालणारी एक पीएचपी स्क्रिप्ट. वर कॉमेंट नाही, स्क्रिप्टमध्ये लेखकाचं नाव नाही. २७ जुलैला मी सगळे लॉग, म्हणजे कोणी काय मागितलं याच्या नोंदी, चाळले, दाबून ठेवलेल्या जुन्या फाइलीसुद्धा. त्या पत्त्यावर एकही हिट नव्हती. काढून टाकला. गिटमध्ये संदेशही ऐटीत लिहिला, "मृत कोड काढला".

५ ऑगस्टला सकाळी मी डोंबिवली फास्टमध्ये उभी असताना फोन आला. मस्जिद बंदरच्या एका जुन्या डीलरचे मुनीम होते. "मॅडम, स्टेटमेंटच्या पानावर चारशे चार दाखवतंय. आमचं तर काही बाकी नाही." चारशे चार म्हणजे "पान सापडलं नाही", हे मी सांगणार तोच बोगदा आला आणि फोन कटला. ठाण्यापर्यंत ते गृहस्थ चारशे चार रुपये कसले, याचा हिशोब लावत होते.

झालं होतं असं. डीलर लोक महिन्याचं स्टेटमेंट ५ ते १० तारखेच्या दरम्यान उतरवून घ्यायचे, महिन्यातून तेवढ्याच वेळा. आणि उबुंटूच्या नेहमीच्या मांडणीत लॉगरोटेट हा प्रोग्रॅम इंजिन-एक्सचे लॉग रोज फिरवतो, म्हणजे नवी फाइल सुरू करतो, आणि जुन्या चौदाच ठेवतो. २७ तारखेला मागे बघितलं तर मला १३ तारखेपर्यंतचंच दिसत होतं. सर्व्हरला दोन आठवड्यांचंच आठवतं, धंद्याला वर्षाचं आठवतं. त्यामुळे निकाल देण्याआधी लॉग किती मागे जातो ते बघा, आणि त्या काळात महिनाअखेर, जीएसटी भरण्याच्या तारखा, तिमाही आणि ३१ मार्च यांतलं काय काय पडतं ते मोजा. दिवाळीत किंवा गणपतीतच चालणारं पानही असतं.

म्हणून या पायरीवर आधी लॉग वाढवायचा. तसंही ते करावंच लागतं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या सिस्टिमचे लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत, आणि ठरावीक प्रकारच्या सुरक्षा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. चौदा दिवसांचा लॉग घेऊन तुम्ही काय कळवणार? लॉगरोटेटमधला आकडा वाढवा, जुने दाबून ठेवा, आणि डिस्क पुरत नसेल तर वेगळ्या स्टोरेजवर हलवा. डिस्क भरली म्हणून चालू लॉग हाताने पुसू नका. फाइल दिसेनाशी होते, पण इंजिन-एक्सने ती धरून ठेवलेली असते, त्यामुळे जागा सुटतच नाही. त्याला लॉग पुन्हा उघडायला सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट, इंजिन-एक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये डोमेनचं नाव नसतं. सगळ्या साइट्स एकाच ॲक्सेस लॉगमध्ये लिहीत असतील, तर मुख्य पानाची हिट कोणत्या साइटची, हे सांगताच येत नाही. लॉगच्या फॉरमॅटमध्ये होस्ट जोडा, शिवाय विनंतीला लागलेला वेळ जोडा, आणि मग थांबा. हा बदल कोणाला काही त्रास देत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी करून टाका. बाकीच्या वाचनाला आठवडे जातातच.

हिट मोजताना सगळ्या हिट सारख्या धरू नका. वर्डप्रेसचं लॉगिन मागणारे, डॉट-ईएनव्ही (पासवर्ड ठेवायची फाइल) मागणारे हे जगभर फिरणारे भुरटे असतात, तुमच्याकडे वर्डप्रेस असो वा नसो. गूगलचा बॉट वेगळा काढा. साइट चालू आहे ना (अपटाइम) हे तपासणारा तुमचाच प्रोग्रॅमही वेगळा काढा. एका मेलेल्या साइटवर दर मिनिटाला येणाऱ्या हिट बघून मी दोन दिवस तिला जिवंत समजत होते. २०० हा "सगळं ठीक"चा कोड मिळालेल्या, माणसासारख्या दिसणाऱ्या हिट उरल्या की त्या खऱ्या.

आणि अकाउंट्समधल्या त्या जुन्या माणसाला यादी दाखवा. आमच्याकडच्या काकांनी ती चहा संपायच्या आत वाचून सांगितलं की यातलं एक नाव म्हणजे २०१७ साली बंद झालेली शाखा, आणि एक म्हणजे साहेबांच्या मुलीच्या लग्नाची साइट.

६. आवरायला घ्या, पण एका वेळी एक डबा

बदल करण्याआधी पायाभरणी करा. लॉगमधून वीस-तीस खरे पत्ते निवडा, प्रत्येक साइटचे थोडे. कर्लने (पत्ता मागून उत्तर दाखवणारी कमांड) प्रत्येकाचं स्टेटस आणि रिडायरेक्टचं ठिकाण एका फाइलीत लिहून घ्या. प्रत्येक बदलानंतर तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची आणि दोन फाइलींतला फरक बघायचा. मला आज कोणी विचारलं की या अख्ख्या कामात एकच गोष्ट करायची तर कोणती, तर मी हीच सांगेन.

मग क्रम असा: एक बदल, छोट्या टीने तपासणी, रीलोड, कर्लची स्क्रिप्ट, कमिट. रीस्टार्ट नको, रीलोड. रीलोडमध्ये नवीन वर्कर नव्या कॉन्फिगरेशनने उभे राहतात आणि जुने हातातलं काम संपवून जातात. नवीन कॉन्फिगरेशन चुकलेलं असेल तर जुनंच चालू राहतं. रीस्टार्टमध्ये आधी सगळं बंद होतं, आणि चूक असेल तर बंदच राहतं.

वेळ ठरवताना रेल्वेकडून शिका: मेगाब्लॉक रविवारी असतो आणि आधी जाहीर होतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला "एवढं एकच" करू नका. लोकलमधून तर मुळीच नको. करावंच लागलं तर टीमक्स चालू करून करा, म्हणजे बोगद्यात नेटवर्क गेलं तरी कमांड अर्धवट राहत नाही. फायरवॉलला हात लावताना दुसरी एसएसएच खिडकी उघडी असू द्या.

आता मला भेटलेले डबे.

बॅकअपची फाइल. साइट्स-एनेबल्ड (चालू साइट्सच्या) फोल्डरसाठीची इन्क्लूडची ओळ तिथलं सगळं उचलते, शेवटी डॉट-कॉन्फ असो वा नसो. कोणीतरी तिथेच मूळ फाइलीची प्रत ठेवली होती आणि तिच्या नावाच्या सुरुवातीला २०१९ लावलं होतं. आकडे अक्षरांच्या आधी येतात, त्यामुळे प्रत आधी वाचली जायची. एकाच नावाचे दोन सर्व्हर असले की पहिला जिंकतो आणि दुसऱ्याबद्दल "कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम" असा एक नुसता इशारा येतो, चूक नव्हे. मी दोन तास खऱ्या फाइलीत बदल करत होते आणि साइट ढिम्म हलत नव्हती. म्हणून छोट्या टीने शेवटी सगळं ठीक म्हटलं तरी वरचे इशारे वाचा. डेबियन-उबुंटूवरच्या अपाचे २.४ मध्ये हा घोळ होत नाही, तिथे डॉट-कॉन्फ असलेल्याच फाइली उचलल्या जातात.

त्याच फोल्डरातलं आणखी एक. एनेबल्डमध्ये खरी फाइल नसावी, अव्हेलेबलमधल्या फाइलीकडे बोट दाखवणारी लिंक असावी. साइट बंद करायला ती लिंक पुसतात. पण कोणी खरी फाइलच तिथे ठेवली असेल तर पुसली की गेली. एलएस, डॅश, एल करून बाण दिसतोय का ते आधी बघा.

हेडर. सुरक्षेचे हेडर (उत्तरासोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचना) वर सर्व्हर ब्लॉकमध्ये लिहिलेले असतात आणि आपण निश्चिंत असतो. खाली एखाद्या लोकेशनमध्ये कोणी कॅशचा एक ॲड-हेडर लिहिला की त्या लोकेशनपुरते वरचे सगळे हेडर गायब होतात. ते वारशाने येतात, पण खालच्या पातळीवर स्वतःचा एकही हेडर नसेल तरच. उपाय: हेडर एका वेगळ्या फाइलीत ठेवून जिथे लागतील तिथे इन्क्लूड करायचे.

प्रॉक्सीच्या पत्त्यातला शेवटचा स्लॅश. स्लॅश-एपीआय-स्लॅश असं लोकेशन आहे. प्रॉक्सी-पासमध्ये पोर्टनंतर स्लॅश दिला, तर मागच्या प्रोग्रॅमला एपीआय हा भाग कापून पत्ता मिळतो. नाही दिला तर अख्खा पत्ता मिळतो. दिसायला एक तिरकी रेघ. "सगळीकडे सारखं दिसावं" म्हणून ती लावू किंवा पुसू नका. नीटनेटकेपणाची हौस इथे महागात पडते.

एलियासमध्ये (पत्त्याला डिस्कवरच्या फोल्डराशी जोडणाऱ्या ओळीत) उलट. लोकेशनच्या शेवटी स्लॅश नाही आणि एलियासच्या शेवटी आहे, अशी जोडी दिसली तर ती लगेच सुधारा. दोन टिंबांचा पत्ता देऊन बाहेरचा माणूस एक फोल्डर वर चढू शकतो.

रिडायरेक्ट. तपासताना नेहमी ३०२ (तात्पुरता) द्या. ३०१ म्हणजे कायमचा, आणि ब्राउझर तो मनावर घेतात. चुकीचा ३०१ सर्व्हरवरून काढला तरी ग्राहकाच्या लॅपटॉपवर तो तसाच राहतो, आणि फोनवर "कॅशे क्लिअर करा हो" सांगत बसावं लागतं.

आकडे. अपलोडची मर्यादा कुठे ५० एमबी, कुठे २००, असं दिसलं की एकसारखं करावंसं वाटतं. काही लिहिलं नसेल तर ती १ एमबी असते आणि त्याहून मोठी फाइल आली की ४१३ ("फार मोठं") मिळतो. प्रॉक्सीची वाट बघण्याची वेळ मुळात ६० सेकंद असते. कोणी ती ६०० केली असेल तर मागे एखादा जड रिपोर्ट आहे. असा प्रत्येक आकडा म्हणजे कोणाच्या तरी तक्रारीचं उत्तर आहे. आकडा राहू द्या, तक्रार शोधा.

लोकेशनच्या आतल्या इफ-ओळींना मात्र सावकाश सुट्टी द्या. त्यांचं वागणं भल्याभल्यांना कळत नाही. रिटर्न आणि रीराइट सोडून आत दुसरं काही असेल तर ते वेगळ्या लोकेशनमध्ये किंवा मॅपमध्ये हलवा.

अपाचेवर जुन्या २.२ च्या काळातले ऑर्डर, अलाउ, डिनाय आणि २.४ चं रिक्वायर एकाच ठिकाणी मिसळलेले दिसले, तर सगळं रिक्वायरमध्ये आणा. अर्धं-अर्धं ठेवलं की दार उघडं आहे की बंद, ते कोणालाच सांगता येत नाही.

७. सर्टिफिकेट

लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि "संपतंय हो" म्हणून येणारे त्यांचे मेल जून २०२५ पासून बंद झाले आहेत. विकतच्या सर्टिफिकेटची मुदतही आता टप्प्याटप्प्याने घटते आहे: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, २०२९ च्या मार्चपासून ४७. दरवर्षी दसऱ्याला आठवणीने हाताने बदलायचं, हे दिवस गेले. सर्टबॉट (सर्टिफिकेट आपोआप नवं करणारा प्रोग्रॅम) लावा आणि ड्राय-रनने (लुटुपुटूच्या फेरीने) चाचणी घ्या.

आवरताना इथे हमखास दोन चुका होतात. ८० पोर्टवरचं सगळं ४४३ कडे वळवताना ॲक्मी-चॅलेंजचं लोकेशन (डोमेन तुमचंच आहे ना, हे सर्टिफिकेट देणारे जिथे तपासतात ते) उडतं. त्या दिवशी काही बिघडत नाही. दोन महिन्यांनी नूतनीकरण अडतं आणि तोवर तुम्ही काय बदललं ते विसरलेले असता. दुसरी, सर्टिफिकेट डिस्कवर नवीन झालं, पण इंजिन-एक्स रीलोड न झाल्यामुळे बाहेर जुनंच दिसत राहतं. म्हणून तारीख फाइलीत बघू नका, बाहेरून जोडणी करून बघा.

टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाल्या. १.२ आणि १.३ ठेवा. काढण्याआधी लॉगमध्ये प्रोटोकॉलचा रकाना जोडून आठवडाभर बघा. एखाद्या गोदामातलं जुनं बिलिंग मशीन निघतं.

८. उघडी दारं

यासाठी थांबू नका, पहिल्या आठवड्यातच करा. ब्राउझरमधून डॉट-गिट उघडतं का? डॉट-ईएनव्ही? फोल्डराची यादी दिसते का? पीएचपी-माय-ॲडमिन (डेटाबेस सांभाळायचं पान) साऱ्या जगाला खुलं आहे का? वेब फोल्डरात डेटाबेसचा डंप पडलाय का? आमच्याकडे पडला होता, शेवटी "फायनल" लिहून.

९. काढायचं कसं

स्टेटमेंटच्या प्रकरणानंतर मी काहीही थेट काढत नाही. संशयित पत्त्याला आधी स्वतःची वेगळी लॉग फाइल देते. तीन महिने, आणि त्यात एक तिमाही अखेर पूर्ण यायला हवी. फाइल रिकामी राहिली तर पत्त्यावर ४१० द्यायचा, म्हणजे "होतं, आता नाही", आणि सोबत साधं मराठी पान: काही अडलं तर या नंबरवर फोन करा. आणखी एक महिना. मग लिंक काढायची, मागची स्क्रिप्ट बंद करायची, डीएनएसची नोंद पुसायची. डीएनएसची नोंद तशीच ठेवून क्लाउडवरचा आयपी सोडू नका. तो उद्या दुसऱ्या कुणाला मिळतो आणि तुमच्या नावावर त्याचं दुकान उघडतं.

आमच्या एकोणीस फाइलींच्या तेरा व्हायला अकरा महिने लागले. साहेबांनी दोनदा विचारलं की एवढा वेळ का. मी एक्सेल दाखवली.

१०. वर एक ओळ लिहा

प्रत्येक ब्लॉकवर कॉमेंट: कोणासाठी, कोणी, कधी, आणि काय झालं की काढता येईल. "डीलर स्टेटमेंट" एवढंच लिहून उपयोग नाही.

तो लोकेशन ब्लॉक अजून आहे. त्याच्यावर आता असं लिहिलंय: "मस्जिद बंदर आणि भिवंडीचे डीलर दर महिन्याच्या ५ ते १० तारखेला इथून स्टेटमेंट घेतात. इतर दिवशी हिट दिसणार नाहीत. नवीन पोर्टलवर स्टेटमेंट आलं आणि मुनीमजींनी फोनवर हो म्हटलं की काढा." नवीन पोर्टलवर स्टेटमेंट येऊन सहा महिने झाले. मुनीमजी अजून हो म्हणालेले नाहीत.